पुण्यातली मोठी दुर्बीण आणि कावसजी नायगमवाला

पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. शिवाजीनगरहून संगम पुलाकडे जाताना त्याच्या जुन्या दगडी इमारती दिसतात. आपल्यातली कितीतरी मुलं तिथे ॲडमिशन मिळावी म्हणून दोन-दोन वर्षं क्लास लावतात. पण 1888 साली याच कॉलेजात एक वेधशाळा उभी राहिली होती आणि तिच्यात बसवलेली दुर्बीण त्या काळी अख्ख्या हिंदुस्थानात सर्वात मोठी होती, हे सांगितलं की लोक आमच्याकडे संशयाने बघतात. कॉलेजचं नाव तेव्हा कॉलेज ऑफ सायन्स होतं. दुर्बीण उभी करणाऱ्याचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

हे चरित्र इथे सांगायचं कारण साधं आहे. दरवर्षी दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं की पालकांचे फोन येतात. मुलाला दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ, किती रुपयांची घेऊ, किती मोठं दिसेल. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून हे प्रश्न आमच्याकडे येतात. उत्तर देताना आम्हाला नायगमवाला आठवतात. पहिली दुर्बीण कुठे बसवावी, तिने काय बघावं आणि आपल्यानंतर तिचं काय व्हावं, हे तिन्ही प्रश्न त्यांच्या आयुष्यात आले होते. पहिल्या दोन प्रश्नांची त्यांची उत्तरं उत्तम होती. तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या हातात राहिलं नाही.

नायगमवालांचा जन्म 1857 चा, पारशी कुटुंबातला. शिक्षण मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात झालं. पदार्थविज्ञान आणि रसायन घेऊन 1878 मध्ये ते एम.ए. झाले आणि सुवर्णपदक मिळवलं. 1882 मध्ये त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञान शिकवू लागले. शिकवायचं म्हणजे फळ्यावर लिहायचं, असं मानणारे ते नव्हते. त्यांना प्रयोगशाळा हवी होती, आणि तीसुद्धा त्या काळी अगदी नव्या असलेल्या विषयाची, म्हणजे वर्णपटाची.

वर्णपट म्हणजे काय ते दोन ओळीत सांगतो. लोलकातून ऊन गेलं की भिंतीवर सात रंगांचा पट्टा पडतो, हे सहावीच्या मुलालाही ठाऊक असतं. तोच पट्टा चांगल्या उपकरणातून बारकाईने पाहिला तर त्यात काळ्या किंवा चमकदार रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. मीठ ज्योतीत टाकलं की पिवळी रेघ येते ती सोडियमची. ताऱ्याच्या उजेडात तीच रेघ सापडली तर तिथेही सोडियम आहे असं समजायचं. ज्या ताऱ्यापर्यंत कोणी कधी पोचणार नाही, तो कशाचा बनलाय हे इथे बसून कळतं. 1860 च्या आसपास युरोपात हे तंत्र सुरू झालं आणि एका पिढीत खगोलशास्त्र बदलून गेलं. तोवर तारे कुठे आहेत एवढंच मोजत होते, आता ते काय आहेत हे विचारता येऊ लागलं.

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी 1882 मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात आले होते. त्यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी 5,000 रुपये दिले. मुंबई सरकारने तितकेच रुपये घातले. हे पैसे घेऊन नायगमवाला 1884 मध्ये उपकरणं खरेदी करायला इंग्लंडला गेले. तिथे बेत बदलला. ब्रिटनच्या राजज्योतिषांनी सल्ला दिला की नुसती प्रयोगशाळा कशाला, ताऱ्यांच्या वर्णपटाची वेधशाळाच करा. सत्तावीस वर्षांच्या शिक्षकाने हा सल्ला मनावर घेतला.

पुढचा प्रश्न जागेचा होता. मुंबईत समुद्राची दमट हवा. पुणे उंचावर, हवा कोरडी, पावसाळा सोडला तर रात्री स्वच्छ. म्हणून 1885 मध्ये नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सला झाली आणि वेधशाळाही पुण्याला आली. एका दुर्बिणीसाठी माणसाने गाव बदललं, याचा थोडा विचार करावा. आमच्याकडे येणारे पालक दुर्बिणीच्या किमतीबद्दल अर्धा तास बोलतात, पण ती ठेवणार कुठे हे विचारलं की गप्प होतात. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बाल्कनी, समोर हायमास्टचा दिवा, वर स्लॅब. अशा जागी पन्नास हजारांची दुर्बीणही चंद्राच्या पलीकडे फारसं काही दाखवू शकत नाही.

नायगमवालांच्या पुण्यात रात्र खरोखर काळी होती. रस्त्यावर रॉकेलचे कंदील, तेही मोजके. आज तेवढा अंधार हवा असेल तर शहर सोडावं लागतं. आम्ही मुलांना घेऊन मावळात वडिवळ्याला जातो. कामशेतहून आत, कुंडली नदीवर धरण आहे, त्याच्या अंगाने गाव. चारी बाजूंना सह्याद्रीचे डोंगर आहेत, त्यामुळे क्षितिजालगतचा पट्टा झाकला जातो. पण डोक्यावरचं आभाळ असं मिळतं की शहरातली मुलं पहिली पाच मिनिटं बोलतच नाहीत. आग्नेयेला पिंपरी-चिंचवड आणि पुण्याच्या उजेडाची पिवळट धग मात्र तिथूनही दिसते. लोणावळ्याकडचा उजेडही वाढत चाललाय. अजून दहा-पंधरा वर्षांनी मुलांना कुठे न्यावं लागेल, कोण जाणे.

आता पुण्याच्या दुर्बिणीकडे वळू. ती डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यात तयार झाली. ग्रब हे त्या काळातले जगातले मोठे दुर्बीणकार. ही दुर्बीण भिंगाची नव्हती, आरशाची होती. काचेच्या जाड चकतीला आतून खोलगट घासून तिच्यावर चांदीचा पातळ मुलामा दिलेला. आरसा 20 इंचांचा. महाराजांच्या नावावरून वेधशाळेला महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा हे नाव मिळालं आणि 1888 मध्ये ती उभी राहिली.

दुर्बीण या शब्दाबद्दल सांगायचा मोह होतो. तो मूळचा फारसी. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे बघणारा. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलांना हे सांगितलं की त्यांना तो शब्द आपल्या घरचा वाटतो. मृग नक्षत्रातल्या ताऱ्यांचंही तसंच. इंग्रजी पुस्तकात रायजेल म्हणतात तो अरबीतला रिजल, म्हणजे पाय. त्याच्या समोरच्या टोकाचा तांबडा बीटलज्यूस हा यद अल-जौझा, जौझाचा हात. रोहिणीला इंग्रजीत अल्डेबरन म्हणतात तो अद-दबरान, मागून येणारा, कारण तो कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो. मराठी, अरबी आणि इंग्रजी, तिन्ही नावं एकाच ताऱ्यावर. मुलं ही नावं विसरत नाहीत.

मोठ्या दुर्बिणीची बैठक कशी असते हे समजलं की छोटी दुर्बीण लावणं सोपं जातं. पृथ्वी फिरते म्हणून तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. दुर्बीण एका जागी घट्ट धरली तर तारा काही क्षणांत नजरेतून निघून जातो. त्यावर उपाय असा, की बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायचा, म्हणजे त्याचं टोक ध्रुवाकडे करायचं. मग त्या एकाच अक्षाभोवती दुर्बीण सावकाश फिरवली की तारा नजरेत राहतो. नायगमवालांच्या काळातल्या मोठ्या दुर्बिणींना हे फिरवण्याचं काम घड्याळाच्या यंत्राने करून घेत. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर साधारण तेवढाच दिसतो. हात पुढे ताठ धरून मूठ वळली तर ती सुमारे दहा अंश झाकते. उत्तरेकडे क्षितिजावर दोन मुठी ठेवल्या की तिथे ध्रुवतारा. वडिवळ्यात उत्तरेचा डोंगर आड येतो का ते उजेड असतानाच पाहून जागा धरावी लागते.

पण पहिल्या दुर्बिणीसाठी आम्ही ही बैठक सुचवत नाही. मुलं अक्ष लावण्यातच कंटाळतात. लाकडी खोक्यावर ठेवलेली, हाताने वर-खाली आणि आजूबाजूला फिरणारी आरशाची दुर्बीण बरी. तिला डॉब्सोनियन म्हणतात. सहा इंचांचा आरसा पुरे. पुण्याच्या 20 इंची आरशात तिच्या सुमारे अकरा पट उजेड गोळा होत असे, कारण उजेड व्यासाच्या वर्गाने वाढतो. तरी सहा इंचांत आयुष्यभर पुरेल इतकं बघायला मिळतं. खोक्यावर 500 पट, 600 पट असं छापलेल्या स्वस्त दुर्बिणी मात्र घेऊ नयेत. त्यांची तिपाई वाऱ्याने हलते आणि इतक्या मोठ्या पटीत नुसता थरथरणारा डाग दिसतो. मूल दोन रात्रीत दुर्बीण पलंगाखाली ढकलतं. किती पट दिसणार हे नळीवर ठरतच नाही. आरशाचं नाभीय अंतर 1200 मिलिमीटर आणि डोळ्याचं भिंग, म्हणजे आयपीस, 25 मिलिमीटरचं असेल तर 48 पट. सुरुवातीला हीच पट ठेवायची.

वडिवळ्याला आम्ही दिवस असतानाच पोचतो. आधी मुख्य नळी लांबच्या एखाद्या स्थिर वस्तूवर, डोंगरावरच्या झाडावर किंवा विजेच्या टॉवरच्या टोकावर लावायची. मग नळीवरची छोटी शोधक दुर्बीण तिचे स्क्रू फिरवून त्याच टोकावर आणायची. हे काम अंधारात करायला गेलं की रात्र त्यातच जाते. सूर्याच्या बाजूला नळी वळवायची नाही, हे मुलांना तिथेच बजावून सांगतो. दुर्बिणीतून एक क्षण सूर्य पाहिला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य मावळला की दुर्बीण अर्धा-पाऊण तास उघड्यावर नुसती ठेवायची. आरसा दिवसभर तापलेला असतो, तो निवेपर्यंत चित्र उकळत्या पाण्यासारखं हलत राहतं. तोवर मगरिबच्या नमाजला जाणारे जाऊन येतात, सोबत आणलेली भाकरी-भाजी होते, मोबाईल पिशवीत जातात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, आणि मोबाईलचा एक झोत ती सवय घालवून टाकतो.

पहिली गोष्ट चंद्र. पौर्णिमेचा नको, पाचवी-सहावीचा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. अर्ध्याच्या आसपास असताना उजेड आणि अंधाराच्या सीमेवर खड्ड्यांच्या कडा उठून दिसतात. दरवर्षी रमजानचा आणि ईदचा चंद्र गच्चीवरून शोधणारी आपली मुलं या बाबतीत इतरांपेक्षा पुढे असतात. सूर्यास्तानंतर पश्चिमेला कुठे बघायचं, कोर कोणत्या बाजूला झुकलेली असते, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. मग गुरू असेल तर त्याचे चार चंद्र, शनी असेल तर कडं. शेवटी मृगातला तेजोमेघ. मृगाच्या पट्ट्याखाली लोंबणाऱ्या तीन अंधूक ठिपक्यांत मधला जरा धूसर दिसतो, तोच. दुर्बिणीत तो राखाडी धुरासारखा पसरलेला दिसतो, काहींना त्यात हिरवट छटा जाणवते.

ही हिरवट छटा आम्हाला परत नायगमवालांकडे आणते. या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ असते. ती कशाची, हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठा वाद होता. विल्यम हगिन्स यांना ती कोणत्याही ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळत नाही असं आढळलं होतं. नॉर्मन लॉकयर यांचं म्हणणं होतं की ती मॅग्नेशियमची आहे. लॉकयर म्हणजे तेव्हाचं फार वजनदार नाव. सूर्याच्या उजेडात हेलियम ओळखणाऱ्यांतले ते एक, नेचर या विज्ञान नियतकालिकाचे संस्थापक संपादक. मॅग्नेशियमची ती खूण असती तर रेघ एका बाजूला विरत गेलेली दिसायला हवी होती. नायगमवालांनी पुण्यातून ती रेघ पुन्हा पुन्हा तपासली. ती दोन्ही बाजूंनी बारीक आणि स्वच्छ होती. त्यांनी 1891 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात हे छापलं. लॉकयर यांचा अंदाज टिकला नाही.

ती रेघ नेमकी कशाची, हे कळायला 1927 साल उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती ऑक्सिजनचीच आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, आणि तोही इतक्या विरळ जागी की तशी विरळ अवस्था पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तेव्हा तयार करता येत नव्हती. मधल्या काळात लोकांनी नेब्युलियम नावाचं नवं मूलद्रव्य कल्पून ठेवलं होतं. आपण श्वासात घेतो तोच वायू निघाला. वडिवळ्याच्या अंधारात नववीतल्या मुलीला जी हिरवट छटा जाणवते, तिच्यात हीच रेघ असते. पुण्याच्या शिक्षकाने लंडनच्या मोठ्या माणसाशी मतभेद मांडला तो आवाज चढवून नाही. रेघेची कड कशी दिसते एवढंच त्याने सांगितलं.

22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहण झालं. सावलीचा पट्टा कोकणातून महाराष्ट्रात शिरला आणि ईशान्येकडे गेला. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ आपल्याकडे उतरले. लॉकयर सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर होते. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला एक इंग्लिश तुकडी होती. विदर्भातच तळणीला ॲनी मॉन्डर आणि त्यांचे पती होते. ॲनी यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचा लांबच लांब झोत टिपला, आणि तो त्या काळी फार गाजला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला, करमाळ्याच्या बाजूला रेल्वेलगत, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. जपानहूनही मंडळी आली होती. याच जेऊरला नायगमवालांनी आपली तुकडी उभी केली. एवढ्या परदेशी तंबूंमध्ये हिंदी माणसाने नेलेला हा तंबू होता.

तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. पुण्यात प्लेग होता. आदल्या वर्षी रँडचा खून झाला होता. लोक गाव सोडून बाहेर झोपड्यांत राहत होते. अशा दिवसांत यंत्रं पेट्यांत भरून रेल्वेने जेऊरला न्यायची, विटांचे ओटे बांधून त्यावर ती बसवायची, आठवडेच्या आठवडे सराव करायचा, आणि हे सगळं दोन मिनिटांसाठी. खग्रास अवस्था साधारण तेवढीच होती. भर दुपारी अंधार पडला, सगळ्यांनी आपापलं ठरलेलं काम केलं आणि ऊन परत आलं. नायगमवालांचा या ग्रहणावरचा अहवाल 1902 मध्ये वेधशाळेतर्फे प्रसिद्ध झाला. चार वर्षं मोजमाप आणि लिखाणात गेली होती. आकाश पाहण्याचा शौक असणाऱ्यांनी एवढी एक सवय त्यांच्याकडून उचलावी. बघितलं ते त्याच रात्री वहीत लिहायचं, तारीख, वेळ, हवा, कोणतं आयपीस, काय दिसलं. वही नसेल तर सहा महिन्यांनी काही आठवत नाही.

त्याच वर्षी, 1898 च्या एप्रिलमध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षित वारले. ते पुण्यात ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक होते आणि भारतीय ज्योतिषशास्त्र हा त्यांचा ग्रंथ 1896 चा. रात्रीच्या आकाशावर सर्वसामान्यांसाठी मराठीत पुस्तक लिहिणारेही तेच. एकाच गावात एक शिक्षक मराठीत आकाश सांगत होता आणि दुसरा देशातल्या सर्वात मोठ्या दुर्बिणीने ते बघत होता. पुण्याला अशी संधी पुन्हा लवकर मिळाली नाही.

1900 नंतर नायगमवाला पूर्ण वेळ वेधशाळेचे झाले. बाहेरून पाहिलं तर ही बढती. आम्हाला मात्र इथेच गोम वाटते. वेधशाळा त्यांच्यासाठी निघाली, त्यांच्या भोवती वाढली, आणि सरकारच्या दृष्टीने ती त्यांच्यापुरतीच राहिली. त्यांच्या हाताखाली तयार झालेला, उद्या घुमटाची किल्ली घेईल असा माणूस नेमला गेला नाही. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळा बंद केली. उपकरणं खोक्यांत भरून कोडाईकनालला पाठवली. तिथल्या सरकारी वेधशाळेचे संचालक तेव्हा जॉन एव्हरशेड होते. चौदा वर्षांपूर्वीचं ग्रहण पाहायला तळणीला आलेल्यांत हेच एव्हरशेड होते. ती दुर्बीण पुढे भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली, पण कोडाईकनालला ती उभी राहायला दशकं जावी लागली. पुणे तिच्यावाचून राहिलं.

याच्या शेजारी हैदराबादची गोष्ट ठेवून पाहावी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे ती गोष्टही आपल्यापासून लांबची नाही. नवाब जफर जंग हे पायगा घराण्यातले श्रीमंत सरदार, खगोलाचे शौकीन. त्यांनी इंग्लंडहून 15 इंची ग्रब दुर्बीण आणली आणि 1901 मध्ये हैदराबादला आपल्या जागेत, फिसलबंड्याला, वेधशाळा सुरू केली. नाव निजामिया. 1907 मध्ये नवाबसाहेबांचा इंतकाल झाला. दुर्बीण खाजगी, मालक गेला, म्हणजे ही वेधशाळा पुण्याच्याही आधी बुडायला हवी होती. तसं झालं नाही. 1908 मध्ये निजाम सरकारने ती ताब्यात घेतली, संचालक नेमला, बेगमपेठला नवी जागा दिली. सगळ्या आकाशाचे फोटो घेऊन ताऱ्यांची यादी करायचं एक आंतरराष्ट्रीय काम चालू होतं, त्यातला एक पट्टा हैदराबादने घेतला आणि लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून दिल्या. 1919 मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. विद्यापीठ आलं म्हणजे विद्यार्थी आले, आणि विद्यार्थी आले म्हणजे किल्ली हातोहात पुढे जाते. नवाबांचा शौक त्यांच्यानंतरही चालू राहिला. प्राध्यापकांची सरकारी वेधशाळा त्यांच्या पेन्शनीबरोबर संपली. दोष नायगमवालांना देता येत नाही. तख्तसिंहजींचे पैसे, ग्रब यांचा आरसा, एका माणसाची चोवीस वर्षांची मेहनत, हे सगळं असताना वारस नेमण्याचा खर्च सरकारला जड वाटला.

आमच्या ओळखीच्या एका शाळेत असंच घडलेलं आम्ही जवळून पाहिलंय. कोणा देणगीदाराने चांगली आठ इंची दुर्बीण दिली. विज्ञानाचे एक सर उत्साही होते, तीन वर्षं दर शनिवारी मुलं गच्चीवर. सर निवृत्त झाले. दुर्बीण प्रयोगशाळेच्या कपाटात गेली, कपाटाची किल्ली ऑफिसात गेली. पाच पावसाळे गेल्यावर उघडलं तेव्हा आरशावर बुरशीची जाळी धरलेली होती. चांदीचा मुलामा फार लवकर काळा पडे, हल्लीचे आरसे ॲल्युमिनियमचे असतात, ते जास्त टिकतात. पण पुण्या-मावळाच्या पावसाळ्यात झाकण लावून, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, महिन्यातून एकदा उघडून हवा दिली नाही तर कुठलाच आरसा टिकत नाही. आणि कितीही धूळ दिसली तरी फडक्याने पुसायचा नाही, ओरखडे कायमचे राहतात.

म्हणून शाळेच्या किंवा मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या कमिटीने दुर्बीण घ्यायचं ठरवलं, तर किमतीआधी आम्ही एकच विचारतो. ती उघडायला, लावायला आणि पुसायला येणारी माणसं किती? दोघं शिक्षक आणि चार मुलं-मुली असतील तर घ्या. त्यात एक मुलगी सातवीतली असली पाहिजे, म्हणजे ती दहावीला जाईपर्यंत खालच्या वर्गाला शिकवेल. तोवर साध्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखावी, फार तर 10 बाय 50 ची द्विनेत्री घ्यावी. तिच्यातूनही गुरूचे चंद्र आणि मृगाचा तेजोमेघ दिसतो. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात मुलांसाठी कार्यक्रम होतात, ज्योतिर्विद्या परिसंस्थेची आकाशदर्शनं असतात. विकत घेण्याआधी तिथे जाऊन दुसऱ्यांच्या दुर्बिणीला डोळा लावून यावं. रांगेत उभं राहून पाहिलं तरी चंद्र तोच दिसतो.

निवृत्तीनंतर नायगमवाला आणखी 26 वर्षं जगले. 1938 मध्ये ते वारले तेव्हा पुण्यात त्यांच्या वेधशाळेचा घुमट चालू नव्हता आणि दुर्बीण दक्षिणेच्या डोंगरावर होती. ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली ती 1944 मध्ये. तिच्यात शिक्षक, कारकून, विद्यार्थी असे हौशी लोक जमले आणि ती अजून चालू आहे. आयुका पुण्यात आली 1988 मध्ये, कॉलेज ऑफ सायन्सच्या घुमटाखाली पहिली दुर्बीण बसल्याला तेव्हा बरोबर 100 वर्षं झाली होती.